वर न केलेला हात

हे मी कुणाला सांगितलं नाही. सुनेला नाही, देवापुढं बसूनसुद्धा नाही. तुम्हाला का सांगते — काय की.

गोरे साहेब गेले, आपले साहेब आले, पण बेंगळुरात गोल्फ खेळणं काही थांबलं नाही. आम्ही चामराजपेटेतून चालत जायचो. माझा नवरा कॅडी — साहेबांच्या काठ्यांची बॅग खांद्यावर. मी बायकांबरोबर उकिडवी बसून मैदानातलं तण काढायची.

आम्हाला एक शिकवलेलं. बॉल गवतात आला तर शिवायचं नाही. जिच्याजवळ पडला तिनं हात वर करायचा, म्हणजे लांबून कळतं. नाही सापडला तर खेळणाऱ्याला एका फटक्याचा दंड, मागं जाऊन परत मारायचं. किती हात वर केले असतील मी? सगळे परक्यांसाठी.

सोमवारी मैदान बंद. त्या दिवशी कॅडी खेळायचे, साहेबांच्या मोडक्या काठ्या घेऊन. त्यात हे एक नंबर. एक वर्षी साहेब म्हणाले, कॅडींची मॅच लावू, जिंकेल त्याला कलकत्त्याला पाठवू, प्रो करू, म्हणजे खेळायचेच पैसे. बॅग उचलणं संपलं. शेवटी दोघं उरले — हे आणि कृष्णप्पा.

हे म्हणाले होते, "आधी मी जातो, मग तुला नेतो." माझ्या अक्काचा नवरा असंच सांगून मुंबईला गेला, तो गेलाच. पण हे तसले नव्हते. मला माहीत होतं ते. तरी —

सतरावा होल, शेवटून दुसरा. ह्यांचा बॉल आला, माझ्यापासून हातभर अंतरावर पडला. हात उठला नाही. टाच उठली. पाणी सोडलेली मऊ जमीन. बॉल आत गेला आणि मी त्याच्यावर उभी राहिले.

हे आले, काठीनं गवत चाळत. "बघितलास काय गं?"

"नाही."

कृष्णप्पा हसला. "काय अण्णा, बायको राखणीला, तरी बॉल गेला? स्वल्प, जरा नीट विचार की!"

"ती नाही म्हणाली ना? सरी, बरं. चल."

हे मागं गेले. दुसरा मारला. कपाळाला आठी नाही. तो फटका दिवसभरातला सगळ्यात सरळ, असं सगळे म्हणाले. एका फटक्यानं हरले. कृष्णप्पाची ट्रंक स्टेशनावर ह्यांनीच नेली.

मग पाय थकेपर्यंत दुसऱ्यांच्या बॅगा. उजवा खांदा खाली गेला, शर्ट एका बाजूला लोंबायचा. धाकटी लेक तापानं गेली तेव्हा, काम सुटलं तेव्हा — तेच एक बोलायचे, "हरवला तो हरवला, पुढचा मारायचा." मी ऐकायची. काय वाटायचं? काही नाही. भांडी घासायची.

त्यांना कळलं होतं का? नाही. तेच तर.

म्हातारपणी नातवाला ती मॅच सांगत होते. तो म्हणाला, "आजोबा, बॉल तिथंच असेल की!"

"छट! तुझ्या आजीची नजर घारीची. तिला दिसला नाही म्हणजे नव्हताच तिथं. काय गं?"

मी चुलीपाशी नाचणीचे मुद्दे, उकडलेल्या पिठाचे गोळे, वळत होते. मी हो म्हणाले.