सीट खालीवर करणारा नवरा

कानोत्याच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती मला एकदाच दिसली. साठीची असेल, केस मेंदीने लाल. तिचा नवरा पाना घेऊन तिच्या सायकलची सीट खालीवर करत होता. ती एक चक्कर मारून यायची, नाक मुरडायची, की तो न कंटाळता पुन्हा नट सैल करायचा. "अब घुटना ठीक है?" एवढंच विचारायचा.

सायकल चालवून माझी कंबर भरून आली होती, म्हणून मी थांबले होते. माझा नवरा केव्हाच पुढे निघून गेला होता.

"मैं ठीक बोलूँ, तो भी नहीं मानते," ती मला हसून म्हणाली. "चेहरा देखते हैं."

माझा इतका जळफळाट झाला की मला धड हसताही आलं नाही.

धरणावर पोचले तेव्हा माझा नवरा फोटो काढत होता. "मजा आली ना?" त्याने मोबाइलमधून डोकं वर न काढताच विचारलं.

"हो," मी म्हटलं.