वावरातून गेलेली वाट

माझ्याबरोबर कित्येक वर्षे डोंगर पळणाऱ्या माणसाने मला फसवले, आणि माझ्या तोंडून एका बाईलाही फसवले. हे आधीच सांगून टाकतो. पुढचे वाचताना कुणाच्या मनात शंका नको.

तो नारायण पेठेतला, कॉम्प्युटरवर काम करणारा. मी अमरावतीकडून आलेला. मंडईत आधी दुसऱ्यांच्या पाट्या उचलल्या, आता माझा स्वतःचा फळांचा गाळा आहे. आमची ओळख तळजाईच्या टेकडीवर झाली. मी एकटाच पळत होतो. तो मागून आला आणि म्हणाला, "अहो, आपण पळताय की कुणी मागे लागलंय?" मी म्हणालो, मागे तर तुम्हीच लागलाय. तेव्हापासून आम्ही जोडीने पळू लागलो.

मला एका जागी बसवत नाही. गिऱ्हाईक नसले की मी गाळ्यातच येरझाऱ्या घालतो. शेजारचा केळीवाला म्हणतो, बसा हो, तुमच्याकडे बघून मला दम लागतो.

कात्रजहून सिंहगडापर्यंत डोंगराच्या धारेवरून अर्धे पुणे चालत जाते. त्यात आम्हाला मजा वाटेना. आम्हाला ती रांग पळत गाठायची होती, गडावरून कल्याण दरवाज्याने दक्षिणेला उतरायचे होते, पायथ्यापायथ्याने मागे येऊन मधेच पुन्हा धारेवर चढायचे होते, आणि निघालो तिथेच, कात्रजला, परत यायचे होते. म्हणजे सगळा डोंगर एका दिवसात दोनदा. घरी सांगितले तर बायको म्हणाली, एकदा जाऊन काही विसरणार आहात का?

अडचण परतीची होती. धारेवर पाणी नाही. पायथ्याला वाट नाही. नकाशावर पाऊलवाट दिसते, जागेवर जाऊन बघावे तर फार्महाऊसवाल्यांनी तारा ओढलेल्या, पाट्या लावलेल्या, आत कुत्री. जोडीदार घरी कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघ ओढायचा आणि मी सुट्टीच्या वारी जाऊन ती खोडून यायचो. कधी घळ इतकी उभी की दगड पायाखालून निसटून खाली गडगडत जायचा. कधी करवंदीच्या जाळीतून अंग सोलवटून बाहेर पडावे तर समोर नवी कोरी भिंत. एक अख्खा हिवाळा यात गेला. गाळ्यावर माल लावतानाही डोक्यात चढच असायचा. गिऱ्हाईक भाव विचारायचे आणि मी म्हणायचो, डावीकडून.

शेवटी एका वाडीच्या वरच्या अंगाला एक वावर सापडले. आजूबाजूचे बहुतेक विकून गेले होते, ही बाई विकत नव्हती. पन्नाशीची असेल. चार जनावरे, ज्वारी, आणि बांधाच्या वर खडकातून येणारा झरा. झऱ्याच्या मागूनच डोंगराची सोंड सरळ धारेला जाऊन मिळत होती. पाणी आणि वाट एकाच ठिकाणी. मला तिथे नाचावेसे वाटले.

पुढच्या खेपेला जोडीदाराला घेऊन गेलो, संत्र्यांची पेटीही नेली. मी आयुष्यभर घासाघीस करत आलोय, पण त्या बाईपुढे माझे काही चालेना. पेटी तिने ठेवून घेतली आणि म्हणाली, "फळं दिली, बरं झालं. वाटंचं येगळं बोला."

बोललो. दुपार कलली तरी बोलत होतो. तिने एकेक अट घातली आणि मी एकेक मान्य केली. येण्याआधी मी स्वतः येऊन सांगायचे. माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. झऱ्यात हात घालायचा नाही, तांब्याने पाणी घ्यायचे. शेवटच्याने वावराचे कवाड लावायचे. आणि दुसऱ्या कुणाला ही वाट दाखवायची नाही. मी म्हणालो, माझा शब्द. जोडीदार माझ्या शेजारी उभा राहून मान डोलावत होता.

त्या हिवाळ्याच्या शेवटी आम्ही दोघे ती फेरी पळालो. परतीला झऱ्याशी पोचलो तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती. बाईने स्वतः तांब्या पुढे केला. कात्रजला उतरताना पायांत गोळे आले होते आणि तरी मला थांबायचे नव्हते.

मग एके दिवशी गाळ्यावर एक तरुण आला. पायात पळायचे बूट. पपई निवडता निवडता तो मलाच माझी वाट समजावून सांगू लागला. कल्याण दरवाजा, पायथा, झरा, सोंड. त्याने मोबाईल काढून दाखवला. रेघ अगदी आमचीच. जोडीदाराच्या घड्याळात नोंदलेली, त्याने सगळ्या जगासाठी इंटरनेटवर टाकलेली, आणि झऱ्यावर खूण करून लिहिलेले, 'बारमाही पाणी'. तरुण म्हणाला, काका, रविवारी आम्ही सगळा ग्रुप जाऊन आलो, जबरी रूट आहे. मी त्याला पपई न देताच परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी वाडीत गेलो. कवाडाला बाभळीच्या काट्या लावलेल्या. झरा गढूळ, कडेला पळणारे चोखतात त्या गोड जेलच्या चिकट रिकाम्या पुड्या. कवाड उघडे राहिल्याने गाय शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरली होती आणि त्या दोन घरांचे बोलणे तुटले होते. बाई कवाडाच्या आत उभी होती.

"तुमी सबूद दिला व्हता," ती म्हणाली.

मी म्हणालो, मी कुणाला सांगितलेले नाही.

"मंग कुनी सांगितलं? तवा तुमच्या शेजारी उभा ऱ्हाऊन मान डोलावत व्हता, त्यो कुठं हाय?"

मी तसाच मागे वळलो.

तिथून थेट नारायण पेठेत गेलो. त्याने शांतपणे चहा ओतला. "एवढं तापायला काय झालं? वाट म्हणजे काय आपल्या गाळ्यावरची पेटी आहे का, झाकून ठेवायला? आपण डोंगर विकत घेतलाय हे मला माहीत नव्हतं." मी विचारले, मान का डोलावली? तो म्हणाला, वाद संपवायला. ती रेघ आता काढून टाकली आहे, असेही म्हणाला. ती तोवर किती जणांनी उचलली, ते त्यालाही माहीत नाही. मी चहा तसाच ठेवून जिना उतरलो.

त्यानंतर मी दुसरी वाट शोधतो आहे. पाणी पाठीवर घेऊन बघितले, पलीकडची घळ बघितली, खालून हमरस्त्यापर्यंत जाऊन वर चढून बघितले. झोप येत नाही, पाय स्वस्थ बसत नाहीत, आणि कुठूनही निघालो तरी शेवटी त्या काट्यांपुढेच येऊन थांबतो.

आता जोडीदार, तुम्हालाच सांगतो, माझी माफी मागू नका. ती मला नको आहे. बाईने जे विचारले ते तुमच्याविषयी विचारले. शब्द मी दिला, पण तुमच्या मानेसकट दिला. अहो, आपण हे वाचणार, मला ठाऊक आहे. कवाडापर्यंत मी बरोबर येईन, पुढे बोलणार नाही. मान का डोलावली, ते आपण तिच्यासमोर उभे राहून तिला सांगा.