आशीर्वादाआधी कुणी निघत नाही

मंडळीची सेक्रेटरी झाले तेव्हा मला दोन गोष्टी मिळाल्या, हॉलची चावी आणि मिनिटबुक. मिनिटबुकात ठराव लिहायचे, हजेरी लिहायची आणि शेवटी 'सभा प्रार्थनेने संपली' असं लिहून सही करायची. खरं काय घडलं ते लिहायला त्यात जागाच नसते! ते मग माझ्याकडेच साठत राहतं. मी जन्मभर नर्सची नोकरी केली, त्यामुळे पोटात ठेवायची सवय आहे. पण पोटालाही काही मर्यादा असते की नाही?

आमची मंडळी म्हणजे पनवेलमधली तीसेक ख्रिस्ती कुटुंबं. हार्डवेअरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमचा हॉल आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत पाळकसाहेब राहतात. ते आमचे धर्मगुरू. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे पाळकबाई म्हणायचो. बहुतेक किस्से पाळकबाईंचेच आहेत. त्या आता नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ऐकताना आशा लावून बसू नका. आम्ही बसलो होतो.

•

पाळकबाईंच्या शेजारी एक नवीन कुटुंब राहायला आलं. नाताळ जवळ आला तशी शेजारीण लाडात येऊन म्हणाली, "यंदा तुमच्याकडचा केक खायचाय हं आम्हाला!"

नाताळच्या सकाळी पाळकबाईंनी ताट पाठवलं. करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि अनारसे. शेजारीण ताट घेऊनच परत आली. "अहो, हे तर आमचं दिवाळीचं!"

"आमचंही तेच आहे," पाळकबाई म्हणाल्या. "फक्त तुमचं संपल्यावर आम्ही खातो."

•

मग त्यांचं दुखणं निघालं. कॅन्सर. पहिल्यांदा ॲडमिट करायला मी बरोबर गेले होते. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म भरायला घेतला. पेशंट सुनंदा, नवऱ्याचं नाव नारायण, धर्म ख्रिश्चन. त्याने पेन खाली ठेवलं.

"मॅडम, यातलं काहीतरी एक चुकलंय."

पाळकसाहेब आधीच घाबरलेले. ते बिचारे आजोबांपासूनची कहाणी सांगायला लागले. आजोबांनी धर्म बदलला, पण नावं घरातलीच ठेवली, वगैरे. मागे लाइन वाढत चालली. पाळकबाई व्हीलचेअरवरून म्हणाल्या, "काही चुकलेलं नाही रे बाळा. तुझा रकाना लहान आहे. लिही बसेल तसं!"

त्याने लिहिलं. डिस्चार्जच्या कागदावर पुढे मिसेस नारायण ख्रिश्चन असं नाव आलं. तो कागद बघून त्या पोट धरून हसल्या. पोट धरायचं खरं कारण वेगळं होतं, ते मला कळत होतं.

•

आमचे दावीदमामा मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ वडील, म्हणजे कारभारी. नियमाला पक्के आणि प्रार्थनेला लांब. केमोनंतर पाळकबाई घरी आल्या तेव्हा आम्ही आठ-दहा जण प्रार्थनेला गेलो. मामांनी सुरुवात केली.

"हे प्रभू, तुझी लेक आजारी आहे. पनवेलमध्ये, प्रभू, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, जिना चढून उजवीकडे..."

आम्ही डोळे मिटून उभे. चहा गार होत होता. बिछान्यावरून बारीक आवाज आला.

"मामा, पिनकोड राहिला."

मामांनी तो सांगितला! आणि मगच आमेन म्हणाले. तेव्हा मीही हसले. घरी येऊन मात्र वाटलं, पत्ता अगदी बरोबर होता. मग कुणी का आलं नाही?

•

कुठल्याशा मोठ्या प्रार्थनागटातला एक माणूस उलव्याहून आला होता. धट्टाकट्टा, पांढराशुभ्र शर्ट. पाळकबाईंच्या उशाशी बसून त्याने अर्धा तास बोधच केला. शेवटी म्हणाला, "सिस्टर, राग मानू नका, पण तुमचा विश्वास कमी पडतोय."

माझं डोकं सणकलं. मी काही बोलणार, तेवढ्यात पाळकबाई म्हणाल्या, "विश्वासाचं मला माहीत नाही हो भाऊ, पण रक्त कमी पडतंय. तुमचा ग्रुप कोणता?"

"बी पॉझिटिव्ह," तो बावळटासारखा बोलून गेला.

"माझाही तोच! नलू, यांना घेऊन जा."

मी त्याला ब्लड बँकेत घेऊन गेले. गेला बिचारा, नाही कशाला म्हणू! सुई बघून घामाघूम झाला, पण बाटली दिली. त्यानंतर दर महिन्याला फोन करायचा, 'सिस्टर कशा आहेत?' एवढंच विचारायचा. विश्वासाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

•

एक जानेवारीच्या उपासनेत आमच्याकडे ताटात कार्डं उलटी मांडून ठेवतात. प्रत्येकावर शास्त्रातलं एक वचन असतं. डोळे मिटून एक उचलायचं. ते तुमचं वर्षभराचं वचन. पोरं परीक्षेचा निकाल असल्यासारखी थरथरत असतात.

त्या वर्षी पाळकबाईंच्या हाताला दोन कार्डं एकदम आली. दमटपणाने चिकटली होती. आता यातलं त्यांचं कोणतं? दावीदमामांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "वरचं तुमचं. खालचं परत ताटात!"

वरच्या कार्डावर दीर्घायुष्याचं वचन होतं! सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. बायका रडल्या. कुणीतरी धावत जाऊन पेढे आणले. मी नर्स, रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होते, तरी मीही पेढा खाल्ला.

मार्चमध्ये मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. त्या म्हणाल्या, "नलू, खालचं कार्ड मी वाचलं होतं गं."

"काय होतं?"

"काटा निघणार नाही, पण सोसायला बळ मिळेल. असं काहीतरी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"सगळे टाळ्या वाजवत होते ना."

•

शेवटच्या आठवड्यात भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना एकच वाक्य बोलायचा, "देवाची काहीतरी योजना असेल." दुसऱ्यांच्या घरी मीही ते किती वेळा बोललेय याचा हिशोब नाही.

सगळे गेल्यावर पाळकबाई म्हणाल्या, "योजना असेल गं. माझा विश्वास आहे. पण मला विचारलं असतं तर मी एखादी दुसरी सुचवली असती."

मी हसायला लागले आणि पाहिलं तर त्या रडत होत्या. सगळ्या आजारपणात तेवढं एकदाच. मी दिवा लावला आणि पाय दाबत बसले.

एप्रिलमध्ये त्या गेल्या.

•

आता शेवटचा.

आमच्याकडे उपासनेच्या शेवटी सगळे उभे राहतात, पाळक हात वर करतात आणि आशीर्वाद उच्चारतात. त्याआधी कुणी निघत नाही. कुणाची गाडी सुटो, दूध उतू जावो, आशीर्वादाशिवाय जायचं नाही. आणि तो हात फक्त पाळकांनीच वर करायचा, दुसऱ्या कुणी नाही.

पाळकबाईंना माती देऊन आल्यानंतरच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपासना नीट चालवली. उपदेशही केला. आम्ही आशीर्वादासाठी उभे राहिलो. त्यांचा हात छातीपर्यंत आला आणि खाली गेला. ते मागच्या दाराने खोलीत निघून गेले. आम्ही माना खाली घालून उभे! कितीतरी वेळाने मी एक गीत सुरू केलं आणि लोक कसेबसे पांगले.

पुढच्या रविवारी तेच झालं. त्याच्या पुढच्याही. मी जाऊन विचारलं तर म्हणाले, "नलिनीबाई, त्यात लोकांना शांती द्यायची असते. माझ्याजवळ नाही, तर मी काय देऊ?"

कमिटी बसली. ठरलं की पाळक नेमणाऱ्या वरच्या ऑफिसला पत्र लिहायचं, दुसरा पाळक मागायचा. म्हणजे पाळकसाहेबांना त्या दोन खोल्याही सोडाव्या लागणार. पाळकबाईंच्या खोल्या. पत्र मीच लिहिलं, दुसरं कोण लिहिणार? पाचव्या रविवारी उपासनेनंतर त्यावर सह्या व्हायच्या होत्या.

त्या दिवशी मंगळी आली. ती डोंगराजवळच्या वाडीवरची. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या आधी परतते. जाताना तिला पाचवा महिना होता, पाळकबाईंनी तिला गोळ्या बांधून दिल्या होत्या. आता काखेत पोर घेऊन आली होती, आशीर्वादाला. पाळकबाई गेल्याचं मी तिला जिन्यातच सांगितलं. ती पायरीवर बसून रडली. मग डोळे पुसून वर आली.

आम्ही उभे राहिलो. पाळकसाहेबांचा हात उठेना. ते वळणार एवढ्यात मंगळी पोराला घेऊन सरळ पुढे गेली.

"सायेब, पोराला आशीर्वाद द्या ना."

"मंगळी, माझ्याजवळ द्यायला काही नाही गं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई गेली तवा तुमाला कोनी दिला?"

"काय?"

"आशीर्वाद. आमाला समद्यांना तुमी देता. तुमाला कोनी दिला?"

आम्ही डबे दिले होते, फुलं आणली होती, योजनेची वाक्यं तर ढिगाने दिली होती. त्यांच्या डोक्यावर हात कोण ठेवणार? कुणाची हिंमत?

"धरा," म्हणून मंगळीने पोर माझ्या हातात दिलं. दावीदमामा पुढे सरकले, मला वाटलं आता अडवणार. मामा तिथेच थांबले. पाळकसाहेब उंच, ही चार फूट दहा. तिने त्यांचा सदरा धरून खाली ओढला आणि विटांनी सोललेला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"देवा, याचं मानूस तुज्याकडं हाय. याला कोन नाय. याला बगशील ना?"

पाळकसाहेब गुडघ्यांवर बसले आणि मोठ्याने रडायला लागले. तिने घाई केली नाही. रडणं ओसरेपर्यंत हात तसाच ठेवला. मग माझ्याकडून पोर घेतलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

"हां. आता द्या."