रजिया खालाच्या चेहऱ्याबद्दल

मी गप्प बसले, म्हणून माझ्या खालाची मेल्यानंतर बदनामी झाली.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

रजिया खाला माझ्या अम्मीची मोठी बहीण. धानोऱ्यात एकटी राहायची, शिवणकाम करायची. गावातल्या मुसलमान घरात कोणी बाई वारली की तिला शेवटची आंघोळ घालायला, म्हणजे गुस्ल द्यायला, खालालाच बोलावणं यायचं.

नानीच्या वेळी तिने मला मदतीला घेतलं होतं. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बोरीचा पाला टाकून उकळलेलं पाणी, कोमट केलेलं. आधी उजवी बाजू, मग डावी. शेवटच्या पाण्यात कापूर.

माझ्या हातून अंगावरची चादर जरा सरकली.

"कपडा सांभाळ वं पोरी," खाला म्हणाली. "मेलेल्या बाईले बी लाज असते."

खाला पाच वेळ नमाज पढायची. दर गुरुवारी गावाबाहेरच्या दर्ग्यावर अगरबत्तीही लावायची.

तेच खटकलं.

गावातल्या जमिला आपा शुक्रवारी बायकांना दीन, म्हणजे धर्म, शिकवायला लागल्या होत्या. वाईट बाई नाही. अम्मीच्या आजारपणात महिनाभर आमच्याकडे डबा त्यांचाच यायचा. त्यांनी सांगितलं, दर्ग्यावर जाऊन मागणं म्हणजे अल्लाहच्या बरोबरीला दुसऱ्याला बसवणं. हळूहळू बायकांमध्ये ठरलं की खालाच्या हातचं गुस्ल नको.

भांडण झालं नाही. फक्त बोलावणं बंद झालं.

मी एकदा विचारलं, "खाला, एखादा गुरुवार नाही गेलीस तर?"

"मी तिथी मागून राह्यली का काई? तुह्या नानीची कबर नाल्याच्या पुरात गेली. लहानपणी ते मले दर्ग्यावरच न्यायची. आता अम्मीजवळ बसाचं त कुठी बसू?"

मी यावर काही बोलले नाही. जमिला आपांशीही बोलले नाही. मी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात नोकरीला, महिन्यातून एकदा येणारी, हेल्मेट घालून पुरुषांबरोबर शिफ्ट करणारी. "तुह्या बॉयलरपाशी नमाजले किब्ला कोन्या बाजूले असते वो?" अशी माझी थट्टा व्हायची. धर्मावर माझं कोण ऐकणार, असं मी धरून चालले.

गेल्या वर्षी आजच्या सकाळी खाला गेली. मी पोचले तेव्हा अंगणात अकरा बायका बसल्या होत्या. चुलीवर पाणी तापलेलं होतं. आत कोणीच गेलं नव्हतं.

"जमिला आपा?"

"मन होऊन नाई राह्यलं बेटा. तिचं ईमान कसं होतं, अल्लाहले ठाऊक. मले भेव वाटते."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच भीती वाटत होती.

मी आत गेले.

गुस्लला निदान तिघी लागतात. आम्ही दोघी होतो, आणि त्यातली एक ती.

शेजारच्या सुमनबाई दारापर्यंत बादल्या आणून देत होत्या. त्या बौद्ध. "मी धरू काय ताई?" त्यांनी विचारलं. चालतं की नाही, मला नक्की माहीत नव्हतं. मी नको म्हणाले. त्या दाराशी चादरीचा पडदा धरून, पाठ फिरवून उभ्या राहिल्या. शेवटपर्यंत.

मी बाहेर आले.

"चेहरा कसा होता?" जमिला आपांनी विचारलं.

आमच्याकडे बायका मानतात, माणूस ईमानावर, म्हणजे खऱ्या श्रद्धेवर, गेला तर चेहऱ्यावर नूर येतो, तेज येतं. नाही तर चेहरा काळवंडतो.

अकरा जणी माझ्याकडे बघत होत्या.

गुस्लमध्ये पाहिलेलं बाहेर सांगायचं नसतं, एवढं मला आठवत होतं. शिवाय राग आला होता. बघायचंच होतं, तर आत का नाही आलात?

"मी सांगणार नाही," मी म्हणाले.

दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. पुरुषांनी खांदा दिला, कोणी अडवलं नाही. संध्याकाळच्या बसने मी परत.

तीन महिन्यांनी सुमनबाईंचा फोन आला.

"ताई, राग नका मानू. बाया म्हनून राह्यल्या, रजियाबाईचा चेहरा काळा पडला होता. तुम्ही काई बोलल्या नाई, म्हून."

"गुस्लचं सांगत नसतात, सुमनबाई."

"असं कसं? रजियाबाई त म्हनत, चांगलं दिसलं त सांगाचं, वाईट दिसलं त मातीत जाऊ द्याचं. ओट्यावर बसून किती खेपा आयकलं मी."

मला अर्धाच नियम आठवला होता.

माझं काम इन्स्ट्रुमेंटेशनचं. आमच्याकडे मोजमाप शून्य असलं तरी चार मिलिअँपचा सिग्नल येतो. काहीच आलं नाही, तर आम्ही 'ठीक' लिहीत नाही. बिघाड लिहितो.

बायकांनी तेच केलं.

मी जमिला आपांना फोन करून सगळं सांगितलं.

"तवाच काऊन नाई बोलली बेटा? आता लोक म्हनतीन, खालासाठी बोलते."

मला ते पटलं. उशिरा आलेल्या साक्षीवर मीही विश्वास ठेवला नसता.

तरी लिहिते. त्या अकरा जणींपैकी काही जणी माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

खालाचा चेहरा काळा पडला नव्हता.

नूर कसा दिसतो ते मला माहीत नाही. म्हणून नूर होता असंही म्हणणार नाही.

रंग नेहमीचा, गव्हाळ. कपाळावर नमाजचा घट्टा. डोळे मिटलेले. ओठ थोडे उघडे होते, ते मी मिटवले. दुपारी शिवणयंत्रावरून उठून जरा आडवी व्हायची, तशी दिसत होती.

हे चांगलं दिसणं आहे.

खाला, हे त्या दिवशी अंगणातच बोलायला हवं होतं. चुकले मी.

माफ कर. सलाम.