जाणत्यांना वाचायला शिकवणाऱ्या थूल मॅडम

श्रीमती वत्सला थूल यांची आणि माझी पहिली ओळख वॉर्डात झाली. सावंगीला एका रुग्णालयात मी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणून काम करतो. मॅडमच्या पतींचे ऑपरेशन झाले होते आणि त्या खाटेशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. मी सलाईन लावली आणि नेहमीच्या सवयीने म्हणालो, "घाबरू नका आजी, ताकदीची सलाईन आहे."

त्यांनी चष्मा लावला. उठून बाटलीवरचा सगळा मजकूर वरपासून खालपर्यंत वाचला आणि शांतपणे विचारले, "ब्रदर, ताकद कुठं लिहिली आहे? मले तं दिसून नाई राह्यली."

शेजारच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा हसला. मग मी त्या बाटलीत खरोखर काय आहे आणि ते कशासाठी द्यायचे ते नीट सांगितले. त्या म्हणाल्या, "असंच सांगत जा ना मंग. आमाले समजते." त्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पण त्या दिवसापासून मी कोणत्याही पेशंटला ताकदीची सलाईन लावलेली नाही.

मॅडमनी सिंदीच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवले आणि निवृत्तीनंतर त्या सावंगीला राहायला आल्या, हे मला नंतर कळले. पती वॉर्डात असतानाच एक दिवस त्यांनी आमच्या सिस्टरांना डबा खाता खाता एका पुस्तकावरून वाद घालताना पाहिले. परदेशात नर्स म्हणून काम करायचे तर इंग्रजीची एक व्यावसायिक परीक्षा पास व्हावी लागते. ते त्या परीक्षेच्या सरावाचे पुस्तक होते. ऐकणे, बोलणे, लिहिणे हे भाग आमच्या मुली मेहनतीने पार करतात. वाचनाच्या भागाशी मात्र त्या अडखळतात. मॅडमनी पुस्तक मागून घेतले, एक उतारा वाचला आणि विचारले, "हे तुमाले कोणी शिकवत नाई काय?" कोणी शिकवत नव्हते. पती घरी गेल्यावर पुढच्याच रविवारी त्यांच्या बैठकीत सतरंजी अंथरली गेली. तो वर्ग अजून चालू आहे. कोणाकडूनही फी घेतलेली नाही.

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे जुने विद्यार्थी शाळेतल्या मॅडमविषयी लिहितील. मी त्यांच्या शाळेत नव्हतो. माझे शिक्षण सिंदीच्या पलीकडे एका खेड्यात झाले. तिथे इंग्रजीचा धडा म्हणजे गुरुजींनी सांगितलेला अर्थ पाठ करणे. म्हणून मी फक्त या रविवारच्या वर्गाविषयी लिहितो. मला परदेशात जायचे नव्हते. वॉर्डातल्या मुलींना सोडायला म्हणून मी पहिल्यांदा गेलो आणि दाराशी उभा राहिलो. मॅडम म्हणाल्या, "ब्रदर, उभं काऊन? बसा ना." मी बसलो तो बसलोच.

त्यांच्या वर्गाची रीत साधी आहे. प्रश्नाखाली पर्याय असतात, पण पर्यायाचे अक्षर सांगून चालत नाही. उताऱ्यातल्या ज्या वाक्यात उत्तर आहे त्यावर बोट ठेवायचे, ते वाक्य मोठ्याने वाचायचे, आणि मगच बोलायचे. बोट ठेवायला जागा सापडली नाही तर उत्तर बरोबर निघाले तरी त्या ते मानत नाहीत. "नशिबानं आलं. नशीब परीक्षेले येत नाई," म्हणतात.

माझी पाळी आली तेव्हा मी उतारा घडघडा वाचून काढला. मॅडमनी विचारले, काय समजले? मला काही सांगता येईना. आमच्या घरी रोज सकाळी पोथीचा एक अध्याय वाचायचा नेम आहे. लहानपणापासून मी तो एका लयीत, मध्ये न थांबता वाचत आलो. मॅडमनी ते बरोबर ओळखले. म्हणाल्या, "ब्रदर, तुम्ही वाचून नाई राह्यले. तुम्ही पारायण करून राह्यले."

मुली खो खो हसल्या. मॅडमनी हात वर केला. "हसता कायले? रोज नेमानं वाचणारा या खोलीत एकच माणूस आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लय सोडू नका. पण जिथं अडलं तिथं थांबा. देव काही गाडी पकडून नाई राह्यला."

त्या स्वतः बुद्धवंदना करून दिवस सुरू करतात. माझी श्रद्धा वेगळी. पण त्यांच्या त्या बोलण्यानंतर मी पोथीसुद्धा थांबत वाचू लागलो. वर्षानुवर्षे तोंडपाठ असलेल्या कितीतरी ओळींचा अर्थ मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा लागला. एका ओळीपाशी तर मी पूर्ण सकाळ बसून राहिलो. हे ऋण इंग्रजीच्या वर्गातले आहे, हे सांगितले तर लोकांना नवल वाटेल.

रविवारी कधी एकादशी आली की सगळ्यांसाठी पोहे होत आणि माझ्यापुढे उसळीची, म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीची, बशी येई. मी संकोचलो तेव्हा म्हणाल्या, "आमच्या घरी उपास नसतो. पण तुमचा असतो ना? मंग झालं तं." एवढ्यावर तो विषय संपला. वैद्यकीय शब्द अडला की त्या मला विचारत, आणि मी सांगेन ते वहीच्या समासात लिहून घेत. इतक्या वयाच्या बाई आपल्याला विचारून शिकतात, हे पाहून मुलींची प्रश्न विचारायची लाज गेली.

या वर्गातली संगीताची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण मॅडमचे शिकवणे काय आहे ते तिच्यामुळे मला नीट कळले.

संगीता आमच्या अतिदक्षता विभागातली सर्वांत तरबेज सिस्टर. पेशंटचा श्वास बदलला तर मॉनिटरच्या आधी तिला कळायचे. आयर्लंडमधल्या एका रुग्णालयाने तिला नोकरी देऊ केली होती. अट एकच, वर्ष संपायच्या आत इंग्रजीची परीक्षा पास होणे. ती दोनदा बसली आणि दोन्ही वेळा वाचनात नापास झाली. आता एकच संधी उरली होती. ती हुकली तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. रेखा नावाची तिची सोबतीण तिला चिडवायची, "काय वं, आयर्लंडची गाडी अजून सेवाग्रामलेच उभी आहे काय?" संगीता हसायची, पण तिचा डबा तसाच परत जायचा. मीच तिला मॅडमकडे घेऊन गेलो आणि हे गाडीचे चिडवणेही मॅडमना सांगितले.

पहिल्याच दिवशी ठिणगी पडली. उतारा म्हणजे वॉर्डाच्या भिंतीवर लावायची एक सूचना होती. ऑपरेशननंतर पेशंटला पाणी केव्हा द्यायचे, असा प्रश्न. संगीताने ताबडतोब उत्तर दिले, डॉक्टरांनी सांगितल्यावर.

मॅडम म्हणाल्या, "बोट ठेव."

तिला जागा सापडेना. सूचनेत लिहिले होते की पेशंट पूर्ण जागा झाला आणि त्याला नीट गिळता येते याची नर्सने खात्री केली, की घोट घोट पाणी द्यावे. डॉक्टरांचे नावच नव्हते.

"पण मॅडम, आमच्या वॉर्डात डॉक्टरनं सांगतल्याशिवाय थेंबबी देत नाई!"

"तुमच्या वॉर्डाचं कोणी विचारून राह्यलं काय?"

"मी एवढी वर्षं हेच काम करून राह्यली. पुस्तकच चुकलं असंन."

"असंन. पण त्यात लिहिलं काय आहे?"

संगीताने रागाने पुस्तक मिटले. मला वाटले, ही आता पुन्हा यायची नाही. खरे सांगायचे तर माझे मनही तिच्या बाजूने होते. ज्या बाईंनी कधी सुई हातात धरली नाही, त्यांनी हिला पाण्याविषयी सांगावे, हे मलाही बोचत होते.

मॅडम आत गेल्या आणि एक जुने पाठ्यपुस्तक घेऊन आल्या. त्यात दीपगृहाचा दिवा सांभाळणाऱ्या माणसाच्या कामावर एक लांबलचक उतारा होता. दिवा कसा पुसायचा, धुके आले की काय करायचे, गलबतांना इशारा कसा द्यायचा. संगीताने तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. दीपगृह तर आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते. मॅडम म्हणाल्या, "हे सोडव, मंग घरी जा."

ती तोंड फुगवून बसली, पण वाचू लागली. एका वाक्यापाशी थांबली, मागे गेली, परत वाचले. प्रत्येक प्रश्नाला तिने बोट ठेवले. एकही उत्तर चुकले नाही.

मॅडम तिच्याशेजारी सतरंजीवर बसल्या. "पाह्यलं? तुले समुद्राचं काही माहीत नाई, म्हणून तू वाचलं. दवाखान्याचं सारं माहीत आहे, म्हणून तिथं वाचतच नाई. वरची ओळ पाह्यली की बाकीचं तूच लिहितेस."

"म्हणजे माह्यं शिकणं सारं फुकट काय?"

"फुकट काऊन? तुह्या हातानं माणसं जगली. ते कोण काढून घेते? फक्त उतारा वाचेपर्यंत माह्यापाशी ठेव. जाताना घेऊन जाजो."

संगीताने गळ्यातले रुग्णालयाचे ओळखपत्र काढले आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवले. "हे घ्या मॅडम, ठेवलं." सगळे हसले, तीही हसली. तेव्हापासून या वर्गाची ती रीतच झाली आहे. आत येणारा प्रत्येक जण आधी ओळखपत्र खुंटीला अडकवतो आणि मग सतरंजीवर बसतो.

पुढे संगीता ड्यूटी बदलून घेऊन रविवारीच नव्हे, रोज येऊ लागली. मॅडम तिला कधी दवाखान्याचा उतारा देत, कधी मधमाश्यांचा, कधी पुलांच्या बांधकामाचा. तिचे बोट हळूहळू दवाखान्याच्या उताऱ्यातही थांबू लागले. परीक्षा नागपूरला होती. मागच्या वेळी केंद्रावर तिचे हातपाय गार पडले होते, म्हणून मॅडम स्वतः तिच्याबरोबर बसने गेल्या. गुडघे दुखत असताना पेपर संपेपर्यंत बाहेर एका कठड्यावर बसून राहिल्या. परत येताना पेपरविषयी एक शब्द विचारला नाही. संत्री सोलून तिला खाऊ घातली आणि खिडकीशी झोपू दिले. हे मला संगीताने सांगितले. मॅडमनी कधीच सांगितले नसते.

निकाल आला तेव्हा संगीता ड्यूटीवर होती. वाचनात पास! ती तशीच मॅडमकडे धावली. मी मागोमाग गेलो. वाटले, मॅडम तिला जवळ घेतील, तोंड गोड करतील. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो काही वेळ तसाच राहू दिला, आणि म्हणाल्या, "आता त्या रेखाले पाठव. दुसऱ्याच्या गाडीवर एवढी नजर, म्हणजे तिलेबी जायचं असंन." दुसऱ्या रविवारी रेखा मान खाली घालून आली. आज ती वर्गातली सर्वांत चोख वाचणारी आहे.

या वर्गातून अनेक मुली बाहेर गेल्या, काही इथेच राहिल्या. मॅडमच्या बैठकीत परदेशी गेलेल्यांचे फोटो लावलेले नाहीत. कोणी विचारले तर म्हणतात, "ज्या राह्यल्या त्या काय नापास झाल्या?" इथे राहिलेल्या सिस्टर औषध देण्याआधी चिठ्ठी पूर्ण वाचतात. हेही या वर्गाचेच यश आहे, आणि आमच्या सावंगीत असा वर्ग चालतो याचा मला अभिमान वाटतो.

संगीताला तिकडे जाऊन थोडे दिवस झाले असतील. एका रविवारी वर्ग चालू असताना तिचा फोन आला. मॅडमना कमी ऐकू येते म्हणून मी स्पीकर लावला. तिकडे तिच्या वॉर्डात एका म्हाताऱ्या पेशंटला जखम होती. आपल्याकडे आपण पट्टी रोज बदलतो. तिचाही हात सवयीने पट्टीकडे गेला होता.

"मंग?" मॅडमनी विचारले.

"मंग थांबली, मॅडम. खाटेले लावलेला कागद वाचला. लिहिलं होतं की डॉक्टर पाहीपर्यंत पट्टी मुळीच उघडायची नाई, खाली नवी कातडी येऊन राह्यली. तशीच राहू दिली. आज डॉक्टरांनी उघडली, जखम भरली आहे." मग हळू आवाजात ती म्हणाली, "मॅडम, मी वाचलं."

सगळा वर्ग ऐकत होता. मॅडमनी डोळे मिटले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बरं केलं, पोरी. जेवली काय?"

मॅडम, सातासमुद्रापार एका अनोळखी माणसाची जखम भरली, त्यात आपला हात आहे. आपण त्याला पाहिलेले नाही आणि त्याला आपले नावही माहीत नाही. मी रोज सकाळी देवापुढे बसतो तेव्हा फार काही मागत नाही. या वर्षी मागतो. आपल्या गुडघ्यांना बळ मिळो, डोळ्यांची ज्योत शाबूत राहो, आपल्याला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. आमच्यासारख्या, सगळे माहीत आहे असे समजणाऱ्या माणसांना आपण अजून पुष्कळ वर्षे थांबवत राहा.