वहिनीचा चौथा प्रश्न

वर्गात तिला सगळे वहिनी म्हणत, आणि ती कोणाचीच वहिनी नव्हती. बारावीच्या वर्गात सव्वीस वर्षांची बाई येऊन दुसऱ्या बाकावर बसली, तेव्हा मागून एका पोराने दबक्या आवाजात ‘या वहिनी, बसा वहिनी’ केलं. त्या पोराला सगळे वकील म्हणायचे, कारण तो हजेरीच्या वेळीसुद्धा वाद घालायचा. वर्ग खिदळला. तिने मागे वळून शांतपणे विचारलं, “बसले. आता भावजींनी पहिला धडा समजावून सांगायचा की नुसतं मानपान?” त्या दिवसापासून नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि थट्टा करायला गेलेला वकील मधल्या सुट्टीत तिची शिकवणी घ्यायला लागला. तिच्या शेजारी बसणारी मुलगी, जाड भिंगांची, बोलायला कमी आणि बघायला जास्त, तिला चष्मिश म्हणत. ह्या तिघांचं बरं जमलं.

वहिनीच्या घराची पुढची खोली म्हणजे लाँड्री. मागच्या खोलीत संसार. नवरा मोटरसायकलवर गठ्ठे आणायचा आणि पोचवायचा, सासूबाई गल्ल्यावर बसायच्या, आणि इस्त्री वहिनीची. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिली, ती अजून उभीच होती. मानसशास्त्राच्या बाईंचे कपडे तिच्याकडेच यायचे. एकदा बाई कपडे न्यायला आल्या असताना सहज बोलून गेल्या, की सरकारी दवाखान्यात परिचारिकेच्या मदतनिसांचं दोन वर्षांचं शिक्षण असतं, बारावी पास लागते, राहायची सोय त्यांचीच. वहिनीला त्यातलं शेवटचंच वाक्य ऐकू आलं.

नवऱ्याला नाही म्हणता आलं नाही. शाळेचे पडदे, टेबलक्लॉथ, शिक्षकांचे निम्मे कपडे त्याच्याच दुकानात यायचे, आणि बाई स्वतः येऊन विचारत होत्या. तो हसून म्हणाला, शिकू दे की, आमचं काय जातंय. बाई गेल्यावर त्याने पुढचं सांगितलं. एकदाच. नापास झाली तर पुस्तकं रद्दीत, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. राहायच्या सोयीबद्दल त्याला कोणी बोललं नव्हतं.

अभ्यासाला वेगळा वेळ मिळणार नव्हता, म्हणून तिने तो कपड्यांवर केला. एक शर्ट म्हणजे एक प्रकरण. कॉलरला व्याख्या, खांद्यांवर प्रकार, कफांना कारणं, बाह्यांवर उदाहरणं, पुढच्या दोन पट्ट्यांवर परिणाम आणि उपाय, पाठीवर टीपा. पुस्तकाचं पान टेबलामागच्या खिळ्याला लावायचं, आणि इस्त्री फिरेल तसं पुटपुटायचं. पँट तिने मुद्दाम सोडली होती, पँटला मुद्दे कमी पडतात म्हणायची. सहामाहीला पर्यवेक्षक तिच्याजवळ येऊन उभे राहिले, कारण ती उजवा हात बाकावर सावकाश पुढे-मागे सरकवत होती. त्यांनी बाकाखाली वाकून पाहिलं, बाही झटकायला लावली. काहीच सापडेना. वकील नंतर म्हणाला, “कॉपी कसली सापडणार? गिऱ्हाइकाच्या अंगावर आहे ती.”

मानसशास्त्राचा पेपर शेवटचा होता. सुटल्यावर पोरं सायकल स्टँडच्या कट्ट्यावर जमली. प्रत्येक पेपरनंतरची त्यांची पद्धत ठरलेली. वकिलाने प्रश्नपत्रिका हातात धरून एकेक प्रश्न वाचायचा, सगळ्यांनी आपापलं उत्तर सांगायचं, आणि ज्याचं चुकलं त्याने ‘गेलं’ म्हणून पुढे जायचं. रडारड करायची नाही, हा नियम वकिलाचाच, मोडायचाही तोच.

पहिले तीन प्रश्न बरे गेले. घंटा ऐकून लाळ गाळणारा कुत्रा सगळ्यांचाच बरोबर आला होता. स्मृतीच्या प्रकारांत वकिलाचा एक गेला, आणि त्याने पाच मिनिटं पुस्तकालाच चूक ठरवलं. वहिनी प्रत्येक उत्तराला बोट दुमडत होती. बाकीच्या विषयांत ती निघणार होती. मानसशास्त्रातच काठावर होती, कारण त्या विषयाच्या वेळी दुकानात गठ्ठे पडायचे आणि तिचे तास बुडायचे.

चौथा प्रश्न सहा गुणांचा. वकिलाने तो बातम्या दिल्यासारखा वाचला. एका बाईला घरात रोज अपमान आणि मारहाण सोसावी लागते. सुरुवातीला ती विरोध करत असे. आता ती गप्प राहते. कोणी मदत देऊ केली तरी घेत नाही. ह्या स्थितीला काय म्हणतात ते सांगून स्पष्ट करा.

“अर्जित असहायता,” तिघंचौघं एकदम म्हणाले.

वहिनी म्हणाली, “समायोजन.”

वकिलाने कपाळाला हात लावला. “वहिनी, आख्खा प्रश्न गेला की.”

“कसा काय गेला? स्पष्ट केलंय मी. दीड पान लिहिलंय.”

“दीड पान काय लिहिलं?”

तिने सांगितलं. वर्गात फळ्यापाशी उत्तर सांगावं तसं, मुद्देसूद. बाईने परिस्थितीचा अभ्यास केला आहे. बोललं की वाढतं, हे तिच्या लक्षात आलं आहे. म्हणून तिने स्वतःच्या वागण्यात बदल केला. परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी वागण्यात केलेला बदल म्हणजे समायोजन, ही पुस्तकातलीच व्याख्या. आणि मदत घेत नाही, कारण मदत करणारा संध्याकाळी आपल्या घरी जातो.

कोणीतरी हसलं. वकील मात्र आता वादात शिरला होता. तो म्हणाला, मुद्दा तो नाहीच. सारखं सोसून सोसून माणसाला वाटायला लागतं की आपल्या हातात काही नाही. मग दार उघडं असलं तरी तो बाहेर पडत नाही. ह्यात शहाणपण कुठं आलं? हा तर रोग झाला.

“रोग कशाला? डोकं आहे तिला,” वहिनी म्हणाली. “उलट बोललं नाही की काही होत नाही. मी जानेवारीपासून एकदा तरी...”

ती थांबली.

वकिलाच्या ध्यानात काही आलं नाही. तो पान सांगत होता, त्याच प्रकरणात, शेवटून दुसऱ्या पानावर, चौकटीत होतं म्हणे. वहिनीने डोळे मिटले. तिचा हात हवेत चालायला लागला. कॉलर. खांदे. डावा कफ, उजवा कफ. बाह्या. ओठ हलत होते, ताण, ताणाची कारणं, सामना करण्याच्या पद्धती. हात डाव्या पट्ट्यावर आला आणि तिथेच राहिला.

“हे झालंच नाही माझं,” ती म्हणाली. “तो शर्ट जळला.”

चष्मिशने तिच्याकडे पाहिलं. जानेवारीत वहिनी दंडाला पट्टी बांधून आली होती. इस्त्री लागली, असं सांगितलं होतं, आणि इस्त्रीवालीला इस्त्री लागायचीच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पट्टी निघाल्यावर चष्मिशने डाग पाहिला होता. दंडाच्या मागच्या बाजूला, टोकदार, एका टोकाला रुंद. इस्त्री करताना आपल्याच दंडामागे कशी लागेल, हा प्रश्न तिला त्या वेळीही पडला होता, आणि तिने तो गणितासारखा मागे टाकला होता.

“शर्ट कसा जळला?” तिने विचारलं.

“मी ह्यांना उलट बोलत राहिले. हातात इस्त्री होती हे विसरले. डाव्या पट्ट्यावरच राहिली ती. गिऱ्हाइकाचा शर्ट होता, नवा. मग ह्यांनी ती उचलली.” वहिनीने प्रश्नपत्रिकेची घडी घातली, कडेला कड लावून. “त्या दिवशी पुढचं काही झालं नाही. ते पान पण राहिलं.”

कट्ट्यावरची दोन पोरं हळूच सायकली काढून निघून गेली. वकील प्रश्नपत्रिका उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, “दोनेक गुण देतील, वहिनी. दीड पान आहे म्हटल्यावर.”

“दोन दिले तर निघेन?”

त्याने बोटांवर हिशेब केला, मग पुन्हा पहिल्यापासून केला.

चष्मिश तिच्या जवळ सरकली. “वहिनी, आज आमच्याकडे चला. आई घरी आहे. तिला सांगू.”

“काय सांगायचं?”

“जे आहे ते.”

“आणि रात्री?”

“रात्री आमच्याकडेच राहा.”

वहिनी हसली, लहान पोराने लुटुपुटीचा चहा आणून द्यावा आणि आपण तो प्यावा तशी. “आज हॉटेलच्या चादरी आल्यात गं,” ती म्हणाली.

फाटकाशी हॉर्न वाजला. नवरा आला होता. दिसायला चांगला, बोलायला त्याहून चांगला. त्याने पोरांना हात केला. “काय मंडळी, आमची बाई पहिली येणार ना बोर्डात?” मग तोच हसला आणि म्हणाला, पोरांची तोंडं बघून पेपर अवघड गेलेला दिसतो. वहिनी मागे बसली. पिशवी मांडीवर, पाठ ताठ. बसताना तिने स्वतःहून सांगितलं, चांगला गेला.

सुट्टीत कोणी कोणाला भेटलं नाही. निकाल लागला तेव्हा वकिलाला स्वतःचे गुण बघायच्या आधी तिचे बघावेसे वाटले. ती पास झाली होती. मानसशास्त्रात अगदी काठावर, पण पास. तो शाळेच्या पायऱ्यांवरच ओरडला, आणि बाईंनी त्याला गप्प केलं नाही. बाईंनी त्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन चौकशी केली. जागा होती. राहायची खोली होती, तिघींची मिळून एक. सोमवारपर्यंत यायला हवं होतं.

बाई आणि चष्मिश दुकानावर गेल्या, तेव्हा नवरा कपडे पोचवायला लांब गेलेला होता. बाईंनी येताना रिक्षा उभीच करून ठेवली. वहिनी टेबलापाशी होती. बाईंनी सगळं सांगितलं, जागा, खोली, सोमवार. हवं तर आत्ता चल म्हणाल्या, कागदपत्रं मी बघते, कपडे मागून येतील.

वहिनी ऐकत होती. इस्त्री तिने नीट उभी करून ठेवली. तिच्या चेहऱ्यावर आनंद आला होता, खरा, आणि बाईंना वाटलं, झालं.

“बाई, तुम्ही माझ्यासाठी किती केलंत,” ती म्हणाली. “पण आत्ता नको. सासूबाईंचे गुडघे धरलेत. लग्नसराईचे कपडे आहेत. आणि सध्या तसं बरं चाललंय.”

“हे तुला कोणी बोलायला सांगितलं?”

“कोणी नाही.”

ते खरं होतं. बाईंनी आणखी दोनदा विचारलं, मग आवाज चढला, मग उतरला. शेवटी त्या पुढच्या वर्षी बघू असं काहीतरी म्हणून रिक्षात जाऊन बसल्या. चष्मिश उंबऱ्यात रेंगाळली.

वहिनीने तिला खुणेने जवळ बोलावलं. “एक विचारू? त्या चौथ्या प्रश्नाचे किती दिले असतील मला?”

“ते वेगळे दाखवत नाहीत, वहिनी.”

“पण पास झाले म्हणजे दिलेच असणार ना. चांगले दिले असणार. नाहीतर मी कुठली निघायला.” ती इस्त्रीची वायर गुंडाळत होती. “म्हणजे माझंही बरोबरच धरलं त्यांनी.”

चष्मिशचा आवाज चढला. “नाही वहिनी. ते चूकच होतं.”

“हळू बोल,” वहिनी म्हणाली. “सासूबाई आत झोपल्यात.”