सलीमचे कान

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. इतकी पत्रकं लिहिली, मामलेदाराला भर बाजारात खोटारडा म्हटलं — पण हे नाही. तुम्हाला सांगतो.

शहाद्याच्या शाळेत ड्रिल मास्तरांनी आम्हाला बास्केटबॉल शिकवला. डाव मी रचायचो. दुपारभर मातीत चिंचोके मांडून बसायचं — एक चिंचोका थांबतो, दुसरा त्याला घासून निसटतो, आणि टोपलीखाली एकदम मोकळी जागा! झोपेतही ते चिंचोके सरकत राहायचे. प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत थांबणाऱ्याला आम्ही ‘आड’ म्हणायचो. आड म्हणजे सलीम — विणकराचा पोरगा, माझा जिवलग. तो हसायचा, “आड म्हनस मले! उद्या पोहरा बी सोडशी!”

आडानं खांबासारखं उभं राहायचं. मागचं त्याला दिसत नाही. म्हणून सलीमनं एकच मागितलं होतं — “मांगून कोनी उना ते हाक मारजो, भाऊ. नही ते मी हालाव नही.”

धुळ्याच्या संघाशी सामना, अखेरचा डाव. त्यांचा एक धिप्पाड गडी सलीमच्या पाठीवर धावून येताना मी पाहिला. हाक मारली असती तर सलीम बाजूला झाला असता — आणि माझी वाट बुजली असती. सगळं संथ झालं होतं. धूळ उन्हात तरंगत होती, चेंडू माझ्याकडे येत होता, मैदानाला आवाजच नव्हता. नव्हता, की मीच तो गिळला होता?

चेंडू टोपलीत. सलीम गुडघा धरून जमिनीवर.

मास्तरांनी विचारलं, हाक का दिली नाहीस? मी म्हणालो — दिली होती, त्याला ऐकूच गेली नाही.

खोटं. मी तोंडच उघडलं नव्हतं.

गुडघा दोन महिन्यांत बरा झाला. कान मात्र गेले ते गेलेच. लोक त्याच्याशी ओरडून बोलू लागले, ‘बहिरा आड’ म्हणू लागले. मास्तरांनी त्याला संघातून काढलं. त्याच्या आईनं कानांत कोमट तेल घातलं. आणि तो? आपण बहिरे, हे त्यानंही मानलं! स्वतःच्या कानांपेक्षा माझ्या शब्दावर त्याचा भरवसा. आता तो बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत असतो.

परवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी पत्रकं वाटत होतो. तो शेजारी येऊन उभा राहिला, समोरच्या घोड्यांकडे बघत म्हणाला, “त्या दिन तू कितला जोरमा हाक मारेल व्हती रे?”

“भलती जोरमा,” मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. घोडे खिंकाळत होते, तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि मी नुसतं पुटपुटलो होतो. त्याला ऐकू आलं.